उशिराचं कारण

"चार मिनिटांत गाडी कशी बदलायची, सांग मला," वहिनी म्हणाली. "पाठीवर सात किलोची सॅक. चार मिनिटांत मला माझा चष्मा सापडत नाही."

"दादाने लिहिलंय म्हणजे जमेल," मी म्हणालो.

जेवणाच्या टेबलावर दादाचे अकरा कागद पसरले होते. पंख्याने उडू नयेत म्हणून वहिनीने त्यांच्यावर मिठाची बरणी, लोणच्याची बरणी आणि अडकित्ता ठेवला होता. मार्च महिना होता आणि दादाला जाऊन पाच आठवडे झाले होते. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण ते टेबल मला अजून जसंच्या तसं दिसतं.

दादा म्हणजे भालचंद्र खांबेटे, माझा थोरला भाऊ. साताऱ्याजवळच्या एका दूध संघात त्याने पस्तीस वर्षं टँकरच्या वेळा लावल्या. दूध थांबत नाही, ते नासतं, असं तो म्हणायचा, आणि घरातही प्रत्येक गोष्ट नासणारी असल्यासारखा वागायचा. संघाच्या वहीत 'उशिराचं कारण' असा एक रकाना असे. त्या रकान्यात दादाने आयुष्यात कधी ड्रायव्हरचं नाव घातलं नाही. ड्रायव्हर सासुरवाडीला जेवायला थांबलेला असो की झाडाखाली घोरत पडलेला असो, दादा लिहायचा, 'घाटात म्हशी आडव्या.' त्याच्या नोंदी खऱ्या मानल्या तर जिल्ह्यातल्या सगळ्या म्हशी घाटातच मुक्कामाला असल्या पाहिजेत. घरात कोणी काही लपवतंय असं वाटलं, की "म्हशी आडव्या का?" असं विचारायची आमच्याकडे पद्धतच पडली होती.

निवृत्त झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसला असताना त्याने एका कॅलेंडरवर ते चित्र पाहिलं. स्वित्झर्लंडमधला बर्फाचा डोंगर, त्याच्या खांद्यावर एक दगडी घर आणि खिडकीतून कोणीतरी ब्लँकेट झटकतंय. डोंगर चढणाऱ्यांना रात्रीपुरता आसरा देणारी ती हट, दोन हजार आठशे चाळीस मीटर उंचीवर. "एवढ्या उंचीवर माणूस ब्लँकेट झटकतो म्हणजे व्यवस्था चोख असणार," दादा म्हणाला. त्याला शिखर-बिखर नको होतं. त्याला तिथे एक रात्र राहायचं होतं, आणि त्या एका रात्रीची आखणी तो तीन वर्षं करत होता. जानेवारीत त्याने बारा ऑगस्टच्या तीन गाद्या राखून ठेवल्या. एक स्वतःला, एक कुमुदवहिनीला, एक मला. मी लग्न केलं नाही आणि त्यांना मूल झालं नाही. आम्ही तिघंच त्या घरात राहायचो.

फेब्रुवारीत वैराटगडावर सरावाला गेलो होतो. उतरताना दादा वाटेत बसला तो उठला नाही. हृदयविकार. बरोबर मी होतो, आणि मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं. हॉस्पिटलने त्याच्या खिशातल्या वस्तूंची पिशवी दिली ती मी न उघडता वहिनीच्या हातात ठेवली.

"आपण जायचं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, आता कशाला?"

"ह्यांनी तीन वर्षं घातली त्यात. मी पिशव्या शिवल्यात."

हटवर गादी आणि ब्लँकेट मिळतं, पण ब्लँकेटच्या आत झोपायला प्रत्येकाने स्वतःची पातळ चादरीची पिशवी आणायची असा तिथला नियम. दादाने मापं काढली होती आणि वहिनीने त्याच्या मऊ झालेल्या धोतरांच्या तीन पिशव्या शिवल्या होत्या. त्या इस्त्री करून कपाटात पडल्या होत्या.

"एकटी जाणार आहेस का?"

"एकटी कशाला? तू येणार आहेस." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "शेवटी ह्यांच्याजवळ तू होतास शशी. मला तेवढाच आधार आहे. तू होतास ना जवळ?"

मी मान हलवली आणि मिठाची बरणी उचलून परत तिथेच ठेवली.

नवव्या कागदावर दादाने लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बदल झाल्यास हटला ताबडतोब कळवणे. नाव नोंदलेला माणूस संध्याकाळपर्यंत पोचला नाही, तर ते लोक शोधायला निघतात.' 'निघतात' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

वहिनीने त्यावर बोट ठेवलं. "तिसरी गादी रद्द करायला हवी. ते इंग्रजीतलं मला जमायचं नाही. तू कळव."

"कळवतो," मी म्हणालो.

माझं औषधाचं दुकान आहे. रोज संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी ते पत्र लिहायला घ्यायचो. 'माझा भाऊ भालचंद्र' इथपर्यंत व्हायचं. पुढचं लिहायची वेळ आली की गिऱ्हाईक यायचं, आणि गिऱ्हाईक नाही आलं तर मी उठून काउंटर पुसायला घ्यायचो. तीस वर्षं मी लोकांच्या घरची मरणं ऐकत आलोय, परत आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजून घेत आलोय. पण ते एक वाक्य माझ्याच्याने लिहवलं नाही. मे महिन्यात वहिनीने विचारलं, "हटला कळवलंस ना?" आणि मी म्हणालो, "केव्हाच." हे माझं दुसरं खोटं. पहिलं त्याहून मोठं होतं.

बाकी तयारी मात्र आम्ही मन लावून केली. वहिनी रोज पहाटे सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून अजिंक्यतारा चढायची. दादाच्या सहाव्या कागदावर बसथांब्यापासून हटपर्यंतच्या चढाचा हिशेब होता. तिथली पाटी साडेतीन तास म्हणते, दादाने पाच तास वीस मिनिटं धरली होती. 'कुमुदचा दम, पन्नास मिनिटं. माझे गुडघे, तीस. डबा, वीस. नुसतं बघत बसणं, दहा.' आणि सगळ्यात खाली, 'शशीची घाई. धरू नये.' वहिनीने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटलं, माझाच चेहरा लाल झाला असेल म्हणून बघत असेल.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. चार मिनिटांत गाडी बदलली, कारण दुसरी गाडी समोरच्याच फलाटावर उभी होती. दादाला ते सातारच्या टेबलाशी बसून माहीत होतं. वहिनी खिडकीशी बसून नुसतं "बघ" म्हणाली. कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

चढ साधा होता, पण लांबलचक. आधी गवत, मग नुसते दगड, मग उजव्या हाताला मळकट बर्फाची प्रचंड पन्हळ. माझे पाय सवयीने पुढे पळत होते आणि मी त्यांना दर वळणावर थांबवत होतो. एकदा वहिनी म्हणाली, "तू हो पुढे. मी येते माझी सावकाश."

"नाही," मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की तिने मान वर केली.

दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी आम्ही हटच्या दारात पोचलो. दादाच्या हिशेबापेक्षा पाच मिनिटं उशीर. वहिनी कठड्याला धरून धापा टाकत होती. घड्याळ बघून म्हणाली, "म्हशी." फेब्रुवारीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

हट म्हणजे जाड भिंतींचं दुमजली घर. दाराशी बूट काढायचे, तिथले रबरी सपाते घालायचे, मग आत जायचं. राखणदाराचं नाव रेटो. पन्नाशीचा, उंच, बोलायला कमी. त्याने वहिनीचा दमलेला चेहरा पाहिला आणि आधी तिला गरम चहा दिला. गाद्या वर, नावांच्या चिठ्ठ्या लावल्यात, हे त्याने हातवारे करून सांगितलं. वहिनीचं डोकं दुखत होतं. "जरा पडते," म्हणून ती लाकडी जिना चढून वर गेली. मग रेटोने वही उघडली.

"खांबेटे, तीन," तो इंग्रजीत म्हणाला. "तिसरे गृहस्थ?"

मी जिन्याकडे बघितलं. वहिनीची पावलं डोक्यावरच्या फळ्यांवर वाजत होती. आता खरं सांगितलं तर मी कळवलंच नव्हतं हे तिला कळणार. संध्याकाळी याला गाठून हळूच सांगू, असा मी विचार केला. तोवर तोंडातून शब्द निघून गेले होते.

"मागून येतोय."

"किती मागे?"

"थोडा."

त्याने दादाच्या नावापुढे वेळ लिहिली. मी खिडकीशी बसलो. चार वाजता रेटो आला आणि म्हणाला, "अजून नाही?" मी म्हणालो, "सावकाश चालतो." साडेचारला त्याने जॅकेटचा रंग विचारला. मी म्हणालो, "निळा." खरोखरच निळा होता. वय विचारलं. सहासष्ट. दर वेळी मला वाटायचं, आता सांगू, आणि दर वेळी माझं एक उत्तर देऊन व्हायचं आणि तो वळून जायचा. पाच वाजता तो दुर्बीण घेऊन ओट्यावर उभा राहिला. खालच्या दरीतून ढग वर सरकत होता. आत येऊन त्याने खाली कुठेतरी फोन केला. मग टेबलाशी पत्ते खेळणाऱ्या एका वाटाड्याशी तो त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला. त्या माणसाने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि उठला.

दोघं दाराशी बसून बूट चढवायला लागले. बाजूला दोर होता, चहाचा थर्मास होता, ब्लँकेटची गुंडाळी होती.

"अहो, त्याचं असंच असतं," मी म्हणालो. "येईल तो."

रेटोने नाडी ओढली. "येईलही. मग आम्हाला वाटेत भेटेल आणि आम्ही त्याच्याबरोबर सावकाश वर येऊ. पण मागून येणाऱ्या माणसाची वाट आम्ही इथे चहा पीत बघत नाही."

त्याने मला टोमणा मारायचा म्हणून ते म्हटलं नव्हतं. तो आपला नियम सांगत होता. मी मात्र बाकावर बसलो.

"थांबा," मी म्हणालो. "तो येणार नाही. तो वारला. फेब्रुवारीत."

रेटोच्या हातात नाडीची दोन टोकं तशीच राहिली. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

"शशी."

वहिनी जिन्यावर उभी होती. डोळ्यांवर चष्मा, हातात एक चिठ्ठी. "मघाशी बिनचष्म्याची तशीच झोपले. आत्ता वाचलं. इथे आपल्या नावापुढे तीन लिहिलंय. तू रद्द केली होतीस ना?"

"नाही केली."

"आणि हे लोक बूट का घालतायत?"

"दादाला शोधायला निघालेत. मी सांगितलं, मागून येतोय."

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. रेटोने तिचा चेहरा पाहिला. त्याला आणि वाटाड्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते उठले आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत स्वयंपाकघरात निघून गेले.

"असं का सांगितलंस?" वहिनीने विचारलं.

"कारण तेव्हाही हेच सांगितलं होतं."

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. वैराटगड उतरताना दादा दर वळणावर थांबून डायरीत वेळ लिहीत होता. मला दहाला दुकान उघडायचं होतं. मी वैतागून पुढे निघून गेलो. साडेआठला पायथ्याच्या गावात पोचलो. गाडीची किल्ली दादाकडे, म्हणून चहाच्या टपरीवर बसून राहावं लागलं आणि मी मनात त्याला शिव्या घालत होतो. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "दुसरं पावनं कुठं ऱ्हायलं?" मी म्हणालो, "येतोय मागून." दुसरा चहा घेतला. त्या म्हणाल्या, "लई येळ झाला की वो. बगून या जा." मी म्हणालो, "त्याचं असंच असतं." मग गवताचा भारा घेऊन एकजण उतरला आणि त्याने सांगितलं, वरच्या खिंडीत एक म्हातारा दगडाला टेकून बसलाय, हाक मारली तर ओ देत नाही.

"मी त्याच्याजवळ नव्हतो, वहिनी."

"किती वेळ?"

"खाली बसून एक तास दहा मिनिटं. त्याआधी उतरायला पंचवीस."

ती वळून जिना चढून वर गेली. मला वाटलं, संपलं. आता ही उद्या एकटी उतरेल आणि साताऱ्याला गेल्यावर वेगळी चूल मांडेल. पण ती परत आली आणि माझ्यासमोर बसली. हातात दादाची लाल डायरी होती, तीच, डोंगरावर न्यायची ती. शेवटचं लिहिलेलं पान उघडून तिने डायरी माझ्याकडे फिरवली.

दादाचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. '७.४०. उतरायला सुरुवात. ८.०५. खिंड. शशीला पुढे पाठवला, चहा सांगायला. बसलो जरा.' त्याच्याखाली कोरं पान.

"हॉस्पिटलच्या पिशवीत होती," वहिनी म्हणाली.

म्हणजे तो एकटा होता हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. 'पाठवला.' तो शब्द मी तसाच राहू दिला असता तर माझं निभावलं असतं. मरणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने माझी सुटका करून ठेवली होती.

"त्याने पाठवलं नव्हतं," मी म्हणालो. "मीच गेलो. त्याने हाक मारली होती, शशी, दोन मिनिटं थांब रे, म्हणून. मी नुसता हात हलवला. वळून बघितलंसुद्धा नाही."

"ते मला कळत नाही का?" वहिनी म्हणाली. "पस्तीस वर्षं ह्यांच्या नोंदी वाचल्यात मी. म्हशी ओळखता येतात मला."

मी रडायला लागलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, परक्या मुलखात, रबरी सपाते घालून.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तेराव्याला वाटलं, आज सांगशील. कागद पसरले तेव्हा वाटलं. तू जवळ होतास ना, असं मी दर चार दिवसांनी मुद्दाम विचारत होते शशी. तू दर वेळी मान हलवायचास." तिने डायरी स्वतःकडे ओढली. "सतरा वर्षांचा होतास मी घरात आले तेव्हा. मला वाटलं होतं, माझ्याशी तरी खोटं बोलणार नाही हा."

"मला माफ कर."

तिने डायरी मिटली. "ह्यांनी तुला सोडलं. त्या ओळीतच सोडलं. मी अजून नाही सोडलेलं. मला वेळ लागेल, आणि किती लागेल ते मला ह्यांच्यासारखं आधी लिहून ठेवता येत नाही."

साडेसहाला जेवणाची घंटा झाली. रेटोने आम्हाला सूप वाढलं. मग वहिनीच्या शेजारी वाकून त्याने हलक्या आवाजात काही विचारलं. दोन माणसं वाट चुकून उशिरा आली होती आणि एकच गादी शिल्लक होती. तिसरी गादी त्यांना दिली तर चालेल का? नाहीतर तो स्वतःची देणार होता. मी मराठीत सांगितलं.

"द्या म्हणावं," वहिनी म्हणाली. "रिकामा टँकर पळवलेला ह्यांना कधी खपला नाही."

रेटोने वही आणली आणि दादाच्या नावावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. वहिनीने ती रेघ पूर्ण होईपर्यंत बघितली. मग सूप संपवलं.

सकाळी ढग नव्हता. एका खिडकीतून कोणीतरी ब्लँकेट झटकत होतं. वहिनी ओट्यावर उभी राहून ते वर बघत होती. दादाने नुसतं बघत बसायला दहा मिनिटं धरली होती, तेवढी तिने घेतली. मग सॅक पाठीला लावली, घड्याळ बघितलं, डायरीत काहीतरी लिहिलं आणि ती खिशात घातली.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

"नाही. तू चाल."

ती चालायला लागली. प्रत्येक पाटीशी ती थांबायची, मागे न बघता डायरी काढायची, लिहायची. तिचे गुडघे उतारावर बोलत होते ते मला मागून दिसत होतं. पाटीवरच्या वेळेपेक्षा आम्हाला दीड तास जास्त लागला. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

खाली बसथांब्यावर पोचलो तेव्हा लांबून पिवळी बस येताना दिसत होती. वहिनीने डायरी माझ्यापुढे धरली. "तुझ्या सॅकमध्ये ठेव. माझी आता उघडत नाही."

मी डायरी उघडली. तिने मला अडवलं नाही. दादाच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ मोकळी सोडून वहिनीचं गोल अक्षर होतं.

'७.४०. हट सोडली. शशी मागे आहे.'

'८.५५. पूल. शशी मागे आहे.'

'१०.१५. गवत लागलं. शशी मागे आहे.'

'११.३०. बसथांबा दिसतो. शशी मागे आहे.'

मी डायरी सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि वहिनी चढल्यावर बसमध्ये चढलो.